लागलं की नाही, हे कोण सांगणार?

(नागपुरात धंतोलीतल्या एका उन्हाळी व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार.

आमच्या मैदानावर पालक पहिल्यांदा येतात तेव्हा हटकून एक प्रश्न विचारतात. "सर, तलवारबाजी ठीक आहे, पण पोरांच्या पाठीला ह्या वायरी कशाला?" पोरगं जाड पांढऱ्या जाकिटात असतं, तोंडावर जाळीचा मास्क असतो आणि पाठीमागून एक वायर निघून रिळात गेलेली असते. ते पुढे झेपावलं की वायर सुटते, मागे आलं की गुंडाळली जाते. नवख्या माणसाला ते खुंटीला बांधल्यासारखं दिसतं. त्यांना मी एवढंच सांगतो की समोरच्याला टोक लागलं की दिवा लागतो, त्यासाठी ही वायर. पण त्या दिव्यापर्यंत पोचायला या खेळाला कित्येक वर्षं लागली. पत्रिकेवर 'तलवारबाजीच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचा इतिहास' असा विषय छापला आहे. मी तो इतिहास त्या दिव्याच्या बाजूनं सांगणार आहे.

आधी शस्त्रं समजून घेऊ. फॉइल, ईपी आणि सेबर अशी ती तीन. फ्रेंच लोक 'एपे' म्हणतात, आपली मुलं ईपी म्हणतात, मीही तेच म्हणतो. फॉइलमध्ये टोकानं फक्त धडावर मारायचं. सेबरमध्ये हाताचे पंजे सोडून कमरेच्या वर कुठेही, नुसत्या टोकानं नाही तर पात्यानंही. ईपीत डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत सगळं अंग खुलं, पण मार टोकाचाच. फॉइल आणि सेबरमध्ये चढाईचा हक्क कोणाचा होता हेही पाहावं लागतं. दोघांनी एकदम मारलं, तर ज्याची चढाई त्याचा गुण. ईपीत असं काही नाही, आधी लागलं त्याचा गुण. दोघांचे वार एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत पडले, तर दोघांनाही गुण.

आता या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना कशी जन्मली ते पाहा. ती भांडणातून जन्मली. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकला फ्रान्सचे तलवारबाज गेलेच नाहीत. त्यांचं म्हणणं होतं, फॉइलमध्ये दंडही लक्ष्यात धरा. ते कोणी ऐकलं नाही. इटलीला ईपीचं पातं जरा लांब हवं होतं, तेही मान्य झालं नाही, म्हणून इटली ईपीत उतरली नाही. तलवारबाजीतली ही दोन मोठी घराणी, आणि दोघंही रुसून बसलेली! नियम प्रत्येक देशाचे वेगळे, मग जिंकलं कोण हे ठरवणार कसं? पुढच्याच वर्षी, २९ नोव्हेंबर १९१३ ला, पॅरिसमध्ये नऊ देश एकत्र बसले आणि आंतरराष्ट्रीय तलवारबाजी महासंघ स्थापन झाला. सेबरचे नियम हंगेरीकडून आले, फॉइल आणि ईपीचे फ्रान्सकडून. लगेच पहिलं महायुद्ध पेटलं आणि सगळं थांबलं.

पहिली स्पर्धा १९२१ साली पॅरिसला झाली. नाव 'युरोपीय अजिंक्यपद', शस्त्र एकच, ईपी, आणि तीही फक्त पुरुषांची. फ्रान्सचा ल्युसियाँ गोदँ जिंकला. सुरुवात ईपीनं का झाली? मला वाटतं, ज्या शस्त्रात वाद कमीत कमी होतील ते आधी घेतलं असावं. १९२२ ला सेबर आलं, १९२६ ला बुडापेस्टमध्ये फॉइल. १९३७ साली पॅरिसला तिचं नाव अधिकृतपणे 'जागतिक अजिंक्यपद' झालं आणि आधीच्या युरोपीय स्पर्धांनाही मागाहून तोच दर्जा मिळाला. ऑलिम्पिकच्या वर्षी ऑलिम्पिकमधल्या प्रकारांची वेगळी जागतिक स्पर्धा होत नाही, एरवी दरवर्षी ती भरते.

मग त्या काळी वार लागला की नाही हे सांगायचं कोण? चार पंच आणि एक मुख्य पंच. प्रत्येक खेळाडूच्या मागे, डाव्या-उजव्या बाजूला दोन पंच उभे राहायचे आणि समोरच्या खेळाडूच्या अंगावर डोळे लावायचे. खेळाडू पुढे गेला की पंचही पुढे, तो मागे आला की पंचही मागे, सगळी वरात पट्ट्यावरून सरकत राहायची. चौदा मीटरचा तो पट्टा. मुख्य पंच लढत थांबवून एकेकाला विचारायचा. पंचाच्या मताला किंमत एक, मुख्य पंचाच्या मताला दीड. म्हणजे एकटा पंच मुख्य पंचापुढे हरायचा, पण दोघं एकमतानं बोलले तर मुख्य पंच हरायचा. आणि ज्याला दिसलं नसेल त्यानं तसं सांगायचं, त्याचं मत धरायचं नाही. हे मला फार आवडतं. 'मला दिसलं नाही' हे चारचौघांत म्हणण्याची सोय नियमातच होती.

यापलीकडे एक रीत होती, खेळाडूनं स्वतः कबूल करण्याची. वार बसला की थांबायचं आणि 'तुशे' म्हणायचं, म्हणजे 'लागलं'. ज्याला लागलं त्यानं सांगायचं, मारणाऱ्यानं नाही. आपल्याकडे फरी-गदका खेळणाऱ्या जुन्या माणसांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आता १९३६ सालात या. बर्लिनचं ऑलिम्पिक. विदर्भातल्या माणसाला या सालाचं अप्रूप असायला हवं, कारण अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक तेव्हा बर्लिनला गेलं होतं. आपल्या पोरांनी तिथे कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं. त्याच बर्लिनमध्ये महिलांच्या फॉइलमध्ये हंगेरीची इलोना एलेक पहिली आली, जर्मनीची हेलेन मायर दुसरी, ऑस्ट्रियाची एलेन प्राइस तिसरी. तिघींच्याही घराण्यात ज्यू वारसा, आणि यजमान हिटलर.

मायरची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १९२८ ला, सतराव्या वर्षी, ती ऑलिम्पिक विजेती झाली. १९२९ ला नेपल्समध्ये महिलांचं फॉइल पहिल्यांदा या स्पर्धेत आलं, तेही तिनंच जिंकलं. तिचे वडील ज्यू, म्हणून १९३३ मध्ये तिच्या गावच्या क्लबनं तिचं नाव कमी केलं. ती अमेरिकेत राहत होती. जगाला दाखवण्यापुरतं तिला जर्मनीच्या संघात बोलावलं गेलं, ती आली, रौप्य पदक घेतलं आणि विजयमंचावर उजवा हात उंचावून नाझी सलाम केला. का केला, यावर लोक आजही भांडतात. मी तिला दोष द्यायला धजत नाही. पंचवीस वर्षांची मुलगी, घरचे लोक जर्मनीत. पुढच्या वर्षी, १९३७ ला पॅरिसमध्ये, तीच जगज्जेती झाली.

याच बर्लिनमध्ये ईपीला वीज जोडली गेली. टोकाला स्प्रिंगची कळ, ती साडेसातशे ग्रॅमच्या जोरानं दाबली गेली की दिवा. चार पंचांची वरात ईपीतून गेली. पण फॉइलला वेळ लागला, कारण त्यात वार धडावर बसला की हातापायावर, हेही यंत्राला कळायला हवं होतं. त्यासाठी धातूच्या धाग्यांचं जाकीट आलं. धडावर लागलं तर रंगीत दिवा, बाहेर लागलं तर पांढरा. मैदानावर आपण ज्याला लॅमे म्हणतो ते हेच.

वीज सगळ्यांना मानवली नाही. १९४७ साली, दुसऱ्या महायुद्धानंतरची पहिली जागतिक स्पर्धा लिस्बनला झाली, तेव्हा क्रिस्तियाँ दोरिओला नावाचा अठरा वर्षांचा फ्रेंच पोरगा फॉइलमध्ये जगज्जेता झाला. त्याच्यासारखं नाजूक बोटकाम पाहिलं नाही, असं जुने जाणकार सांगतात. पुढे त्याच्या हातात हे विजेचं नवं फॉइल आलं, टोकाकडे जड आणि ताठर. १९५५ च्या जागतिक स्पर्धेत तो हरला. त्याला ते आवडत नव्हतं, पण तो शिकला, आणि १९५६ ला मेलबर्नमध्ये विजेच्या फॉइलनं पुन्हा ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं. सेबरला तर ऑलिम्पिकमध्ये वीज १९९२ मध्ये, बार्सिलोनाला आली.

दिवा आला म्हणजे खोटं संपलं, असं वाटलं असेल. १९७६, माँट्रियल. आधुनिक पेंटॅथलॉन म्हणजे पाच खेळांची मिळून एक स्पर्धा, त्यात ईपीची लढत एकाच वाराची असते. सोव्हिएत संघाचा बोरिस ओनिश्चेंको खेळत होता, आधीच्या ऑलिम्पिकचा पदकविजेता, नावाजलेला माणूस. ब्रिटनच्या जिम फॉक्सला त्याचं टोक लागलंच नाही, तरी दिवा लागला. ब्रिटिशांनी हरकत घेतली, शस्त्र तपासलं गेलं, तर मुठीत एक बटण दडवलेलं! दाबलं की दिवा. त्याला बाद केलं, संघालाही माघार घ्यावी लागली. मी ही गोष्ट मुलांना दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कोणीतरी विचारतं, "सर, तो तर तसाही जिंकला असता ना?" हो, बहुतेक जिंकला असता. मला तेच छळतं.

यापुढची गोष्ट सांगताना माझा आवाज बसतो, समजून घ्या. जुलै १९८२, रोम, जागतिक अजिंक्यपद. व्लादिमिर स्मिर्नोव, मॉस्को ऑलिम्पिकचा फॉइल विजेता, आदल्या वर्षीचा जगज्जेता, वय अठ्ठावीस. समोर पश्चिम जर्मनीचा मॅथियास बेहर. दोघं एकदम पुढे झेपावले. बेहरचं पातं मोडलं. मोडलेलं टोक बोथट राहत नाही, ते धारदार होतं. ते मास्कच्या जाळीतून आरपार गेलं आणि डोळ्यातून मेंदूपर्यंत पोचलं. काही दिवसांनी स्मिर्नोव गेला. बेहरचा काडीचाही दोष नव्हता, पण तो घाव त्यानं आयुष्यभर वागवला.

त्यानंतर सगळं बदललं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत फॉइल आणि ईपीच्या पात्यासाठी मॅरेजिंग स्टील नावाचं पोलाद सक्तीचं झालं, ज्यात चीर हळू वाढते. जाकिटात केव्हलारसारखे सहज न फाटणारे धागे आले. मास्कच्या जाळ्या मजबूत झाल्या, त्या दाबून तपासल्या जाऊ लागल्या. म्हणून सांगतो, मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीला आपलं पोरगं तीन थर घालून घामानं निथळत असलं, तरी पालकांनी कृपा करून "एक थर काढू द्या ना सर" म्हणू नये. आम्ही सराव पहाटे ठेवतो तो त्यासाठीच. थर निघणार नाही.

मुलींबद्दल एक गोष्ट मला खटकते ती बोलतोच. १९२९ ला फॉइल मिळालं, आणि मग साठ वर्षं दुसरं काही नाही. महिलांची ईपी या स्पर्धेत आली १९८९ ला, सेबर तर १९९९ ला. ऑलिम्पिकमध्ये त्यांना सेबर मिळालं २००४ साली अथेन्सला. साठ वर्षं जगातल्या निम्म्या खेळाडूंना दोन शस्त्रं हातातच घेऊ दिली नाहीत, याला कारण शोधूनही सापडत नाही.

आणि त्याच २००४ च्या सुमारास चेन्नईतल्या एका शाळेत भवानी देवी नावाची मुलगी खेळात नाव घालायला गेली. बाकी खेळांतल्या जागा भरल्या होत्या, म्हणून तलवारबाजी. सरावाला बांबूच्या काठ्या. टोकियो ऑलिम्पिकला पात्र ठरलेली ती पहिली भारतीय तलवारबाज. पहिली लढत तिनं १५-३ अशी जिंकली, दुसरी फ्रान्सच्या मानों ब्रुनेकडून ७-१५ अशी हरली. जून २०२३ मध्ये चीनमधल्या वूशीला, तलवारबाजीच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत, तिनं जपानच्या मिसाकी एमुराला १५-१० असं हरवलं. एमुरा तेव्हा जगज्जेती होती! भवानीचं कांस्य हे भारताचं त्या स्पर्धेतलं पहिलं पदक. त्या संध्याकाळी आमच्या मैदानावर पेढे वाटले होते, पुढच्या रांगेतल्यांना आठवत असेल.

पुढच्याच महिन्यात मिलानच्या जागतिक स्पर्धेत युक्रेनची ओल्गा खारलान रशियाच्या ॲना स्मिर्नोवाशी लढली, १५-७ अशी जिंकली. लढतीनंतर हात मिळवायचा तेव्हा नियम होता. खारलाननं हात पुढे केला नाही, सेबरचं पातं पुढे केलं. तिचा देश युद्धात होरपळत होता. तिला बाद केलं. मग बाहेरून दबाव आला, बंदी उठली, ऑलिम्पिकची जागा मिळाली आणि पॅरिसला तिनं वैयक्तिक कांस्य आणि संघाचं सुवर्ण घेतलं. सलाम आणि हात मिळवणं मी मुलांना पहिल्या दिवशी शिकवतो, तलवार नंतर. तरीही खारलान चुकली असं माझ्या तोंडून निघत नाही. यावर तुम्ही वेगळं मत मांडलंत तर मी ऐकून घेईन.

शेवटचं. आमच्याकडे विजेचं यंत्र एकच आहे आणि मुलं तीसेक. म्हणजे एका वेळी दोघं वायरीवर आणि बाकीचे सगळे बिनविजेचे. त्यांच्यासाठी पंच नाहीत, दिवा नाही. परवा ईपीच्या अशाच एका सरावात चौदा वर्षांची एक मुलगी चौदा-चौदा गुणांवर होती, पुढचा वार निर्णायक. समोरच्या मुलीचं टोक तिच्या मनगटाला लागलं. मी दुसरीकडे पाहत होतो, मारणारीलाही कळलं नव्हतं, ती पुन्हा पवित्रा घेत होती. हिनं मास्क वर केला, डावा हात उंचावला आणि म्हणाली, "सर, लागलं मला."

ती आज इथेच बसली आहे, नाव घेत नाही, लाजेल. उद्या पहाटे साडेपाचला आम्ही मैदानावर आहोत. ज्यांना पाहायचं असेल त्यांनी जरूर या, उन्हं चढायच्या आत सराव आटोपतो.