‘ड’ तुकडीतला आमचा बाक

गावापासून दूर राहणाऱ्या आपल्या मंडळातल्या सगळ्यांना रामराम.

विदर्भातल्या पूर्णेच्या खोऱ्यात, जमिनीखाली खारं पाणी असलेल्या खारपाणपट्ट्यात माझं माहेर. तिथल्या जिल्हा परिषद हायस्कूलात मी पाचवी ते दहावी शिकले. एकेका इयत्तेच्या चार-चार तुकड्या, आसपासच्या खेड्यांतली पोरं पायी, सायकलीनं, एसटीनं यायची. ‘ड’ तुकडीत आमच्या बाकावर तिघी बसायचो: सरपंचांची नात, मी, आणि आमच्याच वावरात कापूस वेचायला येणाऱ्या मावशींची मुलगी.

दिवाळी झाली की वेचणीचा जोर, अन् वर्ग निम्मा रिकामा. आठवीत असताना आमचे गणिताचे सर सायकल धुऱ्यावर टेकवून थेट पऱ्हाटीत, म्हणजे उभ्या कपाशीत शिरले. माझी मैत्रीण कमरेला ओटी बांधून कपाशीच्या ओळीला वेचायला लागलेली, बोटांना बोंडांचे ओरखडे. रविवार नव्हता, मी तापानं घरी राहिले होते, म्हणून बाबांना भाकरी द्यायला गेले होते. सर मावशींना काही बोलले नाहीत. बाबांकडे वळले. “पाटील, तुमची पोरगी रोज वर्गात अन् हे वावरात. काहून?”

बाबा गप्प. संध्याकाळी मावशी मजुरी घ्यायला आल्या तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, “उद्यापासून पोरीले शाळेत धाडजा. तिच्या वेचणीचे पैसे मी देतो.” त्या हंगामात ते खरंच देत राहिले. मैत्रीण दहावी पास झाली.

एकाच बाकावर बसल्यामुळे हे घडलं, असं मला आजही वाटतं. पापळच्या शेतकऱ्याचा मुलगा एडिंबरोला शिकून परत आला आणि १९३२ साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, ते भाऊसाहेब पंजाबराव देशमुख आपलेच. कुणब्याच्या, मजुराच्या पोरानं हायस्कूलची पायरी चढावी, ही ओढ आपल्या मातीत तेव्हापासूनची आहे.

गेल्या हिवाळ्यात शाळेत गेले. ‘ड’ तुकडी नाही, ‘क’ही नाही. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची निळी एसटी मुलींना फुकट आणते, ही फार मोठी गोष्ट आहे. पण मुली पोचतात अन् गणिताला मास्तरच नाही; जागा दोन वर्षं रिकामी. माझ्या भावाची दोन्ही मुलं व्हॅननं कॉन्व्हेंटला जातात. सरपंचांची पतवंडंही तिथेच.

माझी मैत्रीण आता शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. तिची धाकटी तिथे सातवीत शिकते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच लागतात, अन् एकूण समितीत निम्म्या बायका. म्हणजे ज्याचं लेकरू त्या शाळेत, त्यालाच पालक म्हणून बसता येतं. गावात ज्यांचा शब्द चालतो त्यांची लेकरं गेली, तशा त्या खुर्च्याही गेल्या.

आपल्या मंडळानं या शाळेला डिजिटल फळा द्यायचं ठरवलंय. जरूर द्या, मीही वर्गणी देते. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. तुमचे भाऊ, दीर, पुतणे गावात आहेत. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्याआधी त्यांना फोन करा. निदान एक लेकरू परत पाठवा म्हणावं. मी भावाला सांगितलंय. “पाहतो” म्हणाला. मी दर रविवारी विचारते.

गणिताच्या रिकाम्या जागेबद्दल मैत्रीण परवा फोनवर म्हणाली, “माह्या एकटीचा अर्ज कोण वाचते व? तुह्या भावाचं पोरगं इथं असतं, तं साहेब दुसऱ्याच दिवशी आला असता.”