बेल उजव्या हाताला

ही बेल बघा. पांढरी, प्लॅस्टिकची, आपल्या दाराला असते तसलीच, कॉटच्या उजवीकडे भिंतीवर बसवलेली. आणि ही माझी मोठी मावशी. वय 79. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. समजतं सगळं, माणसं ओळखते, पण आवाज बारीक झालाय, हाक मारली तर शेजारच्या कॉटपर्यंत जेमतेम जाते. रात्री दोनला तहान लागली, डायपर ओला झाला, पाठ जळायला लागली तर तिनं काय करायचं? बेल उजवीकडे आहे आणि तिचा उजवा हातच गेलाय.

मला हे दिसलं तेव्हा ती इथं येऊन पाच महिने झाले होते. पाच महिने मी दर पंधरा दिवसांनी येत होतो, त्याच कॉटवर बसून तिला संत्र सोलून देत होतो, आणि माझ्यापण लक्षात आलं नव्हतं. तिला विचारलं, मावशी, रात्री काय करतेस गं? तर म्हणाली, सकाळ होते की.

त्या एका वाक्यामुळे हा व्हिडिओ करतोय.

जागेचं नाव सांगत नाही. शहराबाहेर, हायवेला लागून एक दुमजली बंगला आहे, गेटवर केअर सेंटर असा बोर्ड, खाली ऑफिस आणि किचन, वर अकरा कॉट. जेवण बरं असतं, चादरी धुतलेल्या असतात, कोणी कोणावर हात उगारत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. महिन्याचे 22,000, डायपर आणि औषधं वेगळी, आत येताना डिपॉझिट. पैसे माझा मावसभाऊ भरतो, एक तारीख चुकवत नाही. तो वाईट मुलगा नाहीये, हे आधीच सांगतो, कारण वृद्धाश्रम म्हटलं की आपल्या डोक्यात एकच गोष्ट सुरू होते, नालायक पोरगा, कजाग सून आणि आईच्या डोळ्यात पाणी. माझ्या भावाच्या घरी दोघंही नोकरीला, तिसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही, घरी येऊन सांभाळणाऱ्या ब्युरोच्या बायका तीन बदलल्या, चौथी चार दिवसांत निघून गेली, आणि मावशीला पाठीला बेडसोर, म्हणजे पडून पडून जखम झाली तेव्हा त्यानं रडत रडत हा निर्णय घेतला. मी त्या दिवशी तिथं होतो.

आपला कायदापण त्या नालायक पोराच्याच गोष्टीवर उभा आहे.

कायदा म्हणजे आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह आणि कल्याण यासाठीचा 2007 चा कायदा. केला केंद्रानं, पण लागू करायचा राज्यांनी, नियम करायचे राज्यांनी. महाराष्ट्रात तो 1 मार्च 2009 पासून लागू झाला, नियम आले 2010 मध्ये. साठ वर्षं पूर्ण झालेला माणूस, ज्याला स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून भागवता येत नाही, तो मुलांकडून निर्वाह मागू शकतो. कोर्टात जायचं नाही, प्रांताकडे जायचं. प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी, ते न्यायाधिकरणाचं काम बघतात. अर्ज म्हाताऱ्या माणसानं स्वतः केला तरी चालतो, त्याला जमत नसेल तर दुसरं कोणी किंवा एखादी संस्था करू शकते. नोटीस गेल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यायचा, फार तर आणखी 30. कलम 17 म्हणतं वकील नको, म्हणजे पैसेवाल्या पोरानं मोठा वकील आणून आईला गप्प करू नये.

हे चांगलंय, मनापासून सांगतो. एका प्रांत ऑफिसच्या व्हरांड्यात मी दोन दिवस बसलो होतो, कॅमेरा बंद ठेवून. तिथं एक आजोबा होते, धोतर, टोपी, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत सातबारा, आधार कार्ड आणि बक्षीसपत्राची झेरॉक्स, घड्या पडून पडून मधोमध फाटलेली, मागून चिकटपट्टी लावलेली. जमीन मुलाच्या नावावर करून दिली होती. दिल्यानंतर सहा महिन्यांत स्वयंपाकघर वेगळं झालं. म्हणाले, साहेबांना एकच सांगायचंय, मला जमीन नको, मला ताटात वाढा. ते पत्र त्यांनी मला तीनदा दाखवलं, दरवेळी सहीवर बोट ठेवून.

त्यांच्यासाठी कलम 23 आहे. म्हाताऱ्या माणसानं, माझी काळजी घ्यायची या अटीवर मालमत्ता दिली आणि ती घेतली गेली नाही, तर तो व्यवहार रद्द करता येतो. पण अट कुठं लिहिलीय? गावाकडं बक्षीसपत्र करताना कोण लिहितो की मला दोन वेळचं जेवण द्यायचं? बाप पोराला अट घालतो का? 2022 च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं होतं की अट होती हे दिसायला हवं, नुसती मालमत्ता दिली एवढ्यानं कलम लागत नाही. मग 2025 च्या जानेवारीत मध्य प्रदेशातल्या एका आईच्या केसमध्ये त्याच कोर्टानं सांगितलं की हा कायदा म्हाताऱ्या माणसांच्या बाजूनं, मोकळ्या मनानं वाचायचा, आणि तिचं घर तिला परत दिलं. तिच्याकडे मुलानं लिहून दिलेला कागद होता. तुमच्या घरात कोणी बक्षीसपत्र करत असेल तर कृपा करून ती एक ओळ त्यातच घाला, लाजू नका, ती लाज पुढं फार महागात पडते.

लातूर जिल्हा परिषदेनं तर 2020 च्या शेवटी ठरवलं की जे कर्मचारी आई-बापाला सांभाळत नाहीत त्यांच्या पगारातले 30 टक्के कापायचे आणि आई-बापाच्या खात्यात टाकायचे, आणि तसे कापलेपण. आसामनं त्याआधीच, 2017 मध्ये, सरकारी कर्मचाऱ्यांसाठी असाच कायदा केला होता.

म्हणजे पोरानं पैसे दिले नाहीत तर काय करायचं हे आपण बऱ्यापैकी शोधून काढलंय. पण पोरगा पैसे देतोय, आणि ते जिथं जातायत तिथं बेल चुकीच्या बाजूला आहे, तर?

मी तो कायदा घेऊन बसलो, मराठी भाषांतर एका बाजूला, मूळ एका बाजूला, रात्री दोन दोन वाजेपर्यंत. वृद्धाश्रम हा शब्द येतो कलम 19 मध्ये. राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम, किमान 150 निराधार ज्येष्ठांना राहता येईल असा, टप्प्याटप्प्यानं स्थापन करू शकेल. शकेल. करील असं नाहीये, करू शकेल असं आहे. या एका क्रियापदावर किती माणसं पडून आहेत. आणि समजा केलेच, 36 जिल्हे गुणिले 150, म्हणजे 5,400 माणसं. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढची माणसं 1 कोटी 11 लाखांच्या आसपास होती. त्यानंतर जनगणनाच झाली नाही, आकडा वाढलाय एवढं आजूबाजूला बघून कळतं.

सरकारी मदतीचे आणि देणगीतले वृद्धाश्रम आपल्याकडे जुनेच आहेत, 1995 मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना आली, पुण्यात नवी पेठेतलं निवारा तर ससून यांच्या देणगीतून ब्रिटिश काळात सुरू झालं. त्यांच्यावर वेगळा व्हिडिओ करायचाय मला. पण ह्या सगळ्या ठिकाणी आत घेताना बहुतेक एक गोष्ट बघतात, माणूस स्वतःचं स्वतः करतो ना? उठतो, बसतो, संडासला जातो? मावशी ह्या प्रश्नालाच अडकते. आम्ही सात ठिकाणी फोन केले होते, पाच ठिकाणी पहिला प्रश्न हाच होता, नाव विचारायच्या आधी. जो पडून आहे त्याला घेणार बहुतेक खाजगी केअर सेंटरच.

आणि त्या खाजगी केअर सेंटरला 2007 च्या कायद्यात लायसनचं कलमच नाही. कलम 19 च्या दुसऱ्या भागात वृद्धाश्रमांचा दर्जा, औषधोपचार, करमणूक यासाठी योजना आखता येईल असं म्हटलंय, पण तेही ह्या कलमाखालच्या आश्रमांपुरतं. केंद्राच्या नमुना नियमांत माणशी किती चौरस मीटर झोपायची जागा हवी इथपर्यंत लिहिलंय. मावशीच्या कॉटला ते लागू नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी पोलीस ठाण्यात ठेवायची, महिन्यातून एकदा जाऊन विचारपूस करायची, हेपण त्या नमुना नियमांत आहे, म्हणजे मावशी घरी एकटी असती तर निदान कागदावर तरी तिच्याकडे कोणी आलं असतं. ती एकटी नाहीये, अकरा जणांत आहे, म्हणून यादीत नाही.

आपल्या गल्लीतला वडापाववालासुद्धा अन्नाचं रजिस्ट्रेशन लावून बसतो हो. इथं तर बोलता न येणारी माणसं ठेवलीयत.

हे कोणाला कळलंच नव्हतं असं नाही. 11 डिसेंबर 2019 ला लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडलं गेलं. त्यात ज्येष्ठांच्या केअर होमना रजिस्ट्रेशन सक्तीचं होतं, घरी येऊन सेवा देणाऱ्या एजन्सींनासुद्धा, म्हणजे आपले ब्युरो, आणि किमान दर्जा ठरवायचा होता. निर्वाहाची महिना 10,000 ची मर्यादा काढायची होती, जी मूळ कायद्यात 2007 पासून आहे, आणि आता मावशीचं बिलच तिच्या दुपटीच्या वर जातंय. ऐंशीच्या पुढच्या माणसाचा अर्ज 60 दिवसांत निकाली काढायचा होता. मुलांच्या व्याख्येत सून आणि जावई घ्यायचे होते. विधेयक स्थायी समितीकडे गेलं, 2021 च्या जानेवारीत समितीचा अहवाल आला, मग ते तसंच पडून राहिलं, आणि 2024 मध्ये लोकसभेची मुदत संपली तेव्हा तेपण संपलं. मला ह्याचा राग आहे, लपवत नाही. साडेचार वर्षं होती हातात.

केरळनं 2025 मध्ये वृद्धांसाठी वेगळा आयोग नेमायचा कायदा केला. आपल्याकडे त्याच्या वर्षभर आधी, 2024 च्या मे महिन्यात, महारेरानं, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणानं, ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी आदेश काढला, आणि तो वाचताना मी अक्षरशः हातातला चहा खाली ठेवला. दार 900 मिलिमीटरपेक्षा रुंद, म्हणजे व्हीलचेअर जाईल. बाथरूमला न घसरणाऱ्या फरशा, धरायला दांडे. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे. लिफ्टमध्ये ऐकू येईल आणि दिसेल अशी सूचना. बाथरूम, टॉयलेट, बेडरूममध्ये अलार्म. बघा, कोणीतरी टेबलावर बसून विचार केला ना की म्हातारा माणूस पडतो कुठं, धरतो कशाला, बोलावतो कसा! म्हणजे हे लिहिता येतं. पण हा आदेश बिल्डरनं ज्येष्ठांसाठी म्हणून विकायला काढलेल्या फ्लॅटना आहे. ज्याला फ्लॅट घेता येतो त्याच्या बेडरूमला अलार्म, आणि जो महिन्याच्या पैशावर एका कॉटवर पडलाय त्याच्या भिंतीवर काय असावं ते वायरमनच्या मनावर.

आता हे मी त्या सेंटरच्या मालकांना सांगितलं तेव्हा ते भांडले नाहीत. म्हणाले, दादा, आधी ह्या कॉटवर एक काका होते, त्यांना उजवाच हात चालायचा, त्यांच्यासाठी लावली होती. एवढंच. काका गेले, मावशी आली, बेल राहिली. आत घेताना फॉर्म भरला होता, त्यात आधार, फोटो, दोन नातेवाइकांचे फोन, डिपॉझिटची पावती. कुठला हात चालतो हा रकानाच नव्हता. तो रकाना घालायला कोणी सांगितलं नाही, आणि तो भरलाय का हे बघायला कोणी येत नाही.

रात्रपाळीला वरच्या मजल्यावर एकच बाई असते. तिला सगळे ताई म्हणतात. रात्री आठ ते सकाळी आठ, अकरा माणसं, त्यातली सहा कुशीवर वळवायला लागणारी, दर दोन तासांनी. ती करते. मी एक रात्र तिथं थांबलो तेव्हा पाहिलं, साडेतीनला ती एका आजींना वळवत होती आणि त्याच वेळी दुसऱ्या टोकाला कोणीतरी कण्हत होतं, आणि ती तिथूनच म्हणत होती, आले आले, आले हां आजोबा. तिचे पाय सुजलेले होते. अकरा माणसांमागे रात्री किती बायका हव्यात हा आकडापण कायद्यात नाही, म्हणून तिचं थकणं कोणाच्या हिशोबात येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाक्यावरून इलेक्ट्रिशियन आणला. मावशीची बेल डाव्या बाजूला घ्यायला त्याला वीस मिनिटं लागली, वायर आणि पट्टी धरून 350 रुपये. मावशीनं डाव्या अंगठ्यानं दाबून बघितली, खाली ऑफिसात वाजली, तिनं परत दाबली. मग इलेक्ट्रिशियनला म्हटलं, आलाच आहेस तर सगळ्या बघ. अकरापैकी तीन बेल चुकीच्या बाजूला होत्या, दोन वाजतच नव्हत्या, एकीच्या बटणावर कॅलेंडर टांगलेलं होतं. दुपारी तीनपर्यंत सगळ्या झाल्या.

त्या रात्री सात नंबरच्या कॉटवरच्या आजोबांनी चार वेळा बेल वाजवली. ताई चारही वेळा धावत गेली. काही हवं नव्हतं त्यांना, म्हणाले, येतं का कोणी ते बघत होतो.