थिंड हरले, पंडित जिंकले: अमेरिकेची फेडरल न्यायालये

साल १९२०. ओरेगन राज्यातल्या फेडरल जिल्हा न्यायालयात भगतसिंग थिंड नागरिकत्व मागत आहेत. जन्म पंजाबातला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात भरती झालेले. पण तेव्हाच्या कायद्याने बाहेरून आलेल्यांपैकी फक्त 'गोऱ्या' आणि आफ्रिकी वंशाच्या माणसांनाच नागरिक होता येई. न्यायाधीश वोल्व्हर्टन यांनी थिंड यांच्या बाजूने निकाल दिला. सरकार वरच्या न्यायालयात गेलं.

हे 'वर' म्हणजे कुठे? आपल्याकडे तालुक्याच्या कोर्टापासून दिल्लीपर्यंत एकच साखळी आहे. अमेरिकेत राज्यांची न्यायालयं वेगळी आणि देशाची, म्हणजे फेडरल न्यायालयं वेगळी. चोरी, घटस्फोट, जमिनीचे तंटे बहुतांशी राज्याकडे. देशाचा कायदा, राज्यघटना किंवा स्वतः केंद्र सरकार वादात असेल, तर फेडरल न्यायालयाचं दार उघडतं. आज अशी ९४ जिल्हा न्यायालयं आहेत. साक्षीपुरावे इथेच होतात, ज्युरी इथेच बसते. त्यांच्यावर १३ अपील न्यायालयं. तिथे साक्षीदार नाहीत. सहसा तीन न्यायाधीश बसतात आणि खाली कायदा नीट लावला गेला का, एवढंच पाहतात.

या न्यायाधीशांना राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि संसदेचं वरचं सभागृह, सिनेट, मान्यता देतं. निवृत्तीचं वय नाही, पगार कमी करता येत नाही. नेमणाऱ्याचीही भीड बाळगावी लागू नये, म्हणून ही तजवीज.

थिंड यांचा खटला सॅन फ्रान्सिस्कोच्या अपील न्यायालयात पोहोचला. तिथल्या न्यायाधीशांनी स्वतः निकाल न देता कायद्याचे प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवले. वॉशिंग्टनमध्ये थिंड यांच्यासाठी उभे राहिले भारतातच जन्मलेले वकील सखाराम गणेश पंडित. उत्तर भारतीय हे वंशशास्त्रानुसार कॉकेशियन, म्हणून गोरेच, हा थिंड यांचा दावा होता. तीनच महिन्यांपूर्वी एका जपानी अर्जदाराला नागरिकत्व नाकारताना याच न्यायालयाच्या वतीने न्यायमूर्ती सदरलँड यांनी 'गोरा म्हणजे कॉकेशियन' असं म्हटलं होतं. १९ फेब्रुवारी १९२३ ला त्याच सदरलँड यांनी लिहिलं की वंशशास्त्र काहीही सांगो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. निकाल एकमताचा होता, आणि माझ्या मते तो उघड अन्याय होता.

त्या निकालाच्या जोरावर सरकारने आधी नागरिक झालेल्या भारतीयांचं नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात केली. त्यात खुद्द पंडितही आले. पण पंडितांचा बचाव निराळा होता. 'गोरा कोण' या वादात ते अडकले नाहीत. ते म्हणाले, १९१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने सरकारची हरकत ऐकूनच मला नागरिकत्व दिलं; तेव्हा सरकारने अपील केलं नाही, मग निकाली निघालेला वाद आता पुन्हा कसा उकरता? १९२६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या त्याच अपील न्यायालयाने हे म्हणणं मान्य केलं.

सरकार पुन्हा वॉशिंग्टनला गेलं. दरम्यान १९२५ च्या कायद्याने सर्वोच्च न्यायालयाला बहुतेक प्रकरणं घ्यायची की नाही हे ठरवण्याची मुभा मिळाली होती. नऊपैकी चार न्यायमूर्तींना सुनावणी घ्यावीशी वाटली तरच प्रकरण पुढे सरकतं. आजही तिथे दर वर्षी हजारो याचिका येतात आणि युक्तिवाद ऐकले जातात ते जेमतेम साठेक प्रकरणांत. नकार म्हणजे खालचा निकाल बरोबर ठरवला असं नव्हे. तो फक्त तसाच कायम राहतो. १९२७ मध्ये पंडितांच्या प्रकरणात न्यायालयाने असाच नकार दिला. त्यांचं नागरिकत्व वाचलं, आणि इतर भारतीयांवरचे तसले खटले सरकारने सोडून दिले.

सगळ्यांच्या नजरा वॉशिंग्टनवर असतात, पण पंडितांना वाचवलं ते मधल्या पायरीने. फेडरल व्यवस्थेतल्या बहुसंख्य पक्षकारांसाठी शेवटचा शब्द याच पायरीवर उच्चारला जातो.

थिंड यांच्याविरुद्धचा निकाल मात्र उभाच होता. १९३५ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, महायुद्धातल्या सैनिकांसाठी कायदा केला, त्याच्या आधारे ते अखेर नागरिक झाले. बाकीच्या भारतीयांना तो हक्क १९४६ च्या कायद्याने मिळाला.