झऱ्याचं पाणी डब्यातलं आणि उनपदेवचं

बसा बसा, मागच्या रांगेत पंख्याचा वारा लागतोय ना? मे महिन्यात जळगावात दुपारी चारला व्याख्यान ठेवणाऱ्यांना आपला नमस्कारच, पण तरी तुम्ही आलात म्हणजे कातडी खरंच छळतेय.

हा डबा बघा, यावर "थर्मल वॉटर" म्हणजे गरम झऱ्याचं पाणी असं लिहिलंय. डिओसारखा दिसतो. आत काय आहे? पाणी, आणि ते फवारायला नायट्रोजन. बस. एका ताईंना त्यांच्या पुण्याच्या लेकीने दिला, त्या तो घेऊन माझ्या ओपीडीत आल्या, म्हणे डॉक्टर, दिवसातून दहादा मारते तरी तोंड ओढल्यासारखंच होतं.

आता हे पाणी येतं कुठून, तर फ्रान्समधून. आवेन म्हणून गाव आहे, तिथे 1736 मध्ये एका सरदाराचा खाजऱ्या कातडीचा घोडा झऱ्यात लोळून बरा झाला अशी गोष्ट सांगतात, 1743 ला स्नानगृह सुरू झालं आणि आता तेच पाणी डब्यात. हसताय कशाला, आपल्या अडावदजवळच्या उनपदेवला शरभंग ऋषींची गोष्ट नाही का? त्यांना कातडीचा रोग होता, रामाने बाण मारला आणि गरम पाणी निघालं म्हणतात. तिकडे घोडा, इकडे ऋषी, खाज सगळीकडे सारखीच.

खरं म्हणाल तर पावसाचं पाणी भेगांमधून खोल जातं, खाली दगड गरम असतो तिथे तापतं आणि दुसऱ्या फटीतून वर येतं, येताना दगडातले क्षार घेऊन येतं. कुठे कमी, कुठे जास्त. आवेनच्या पाण्यात लिटरला साधारण 200 मिलिग्रॅम, फ्रान्समधल्याच यूरियाज गावच्या पाण्यात 11 ग्रॅमच्या आसपास, तिकडचेच ला रोश-पोसेवाले सेलेनियम नावाच्या खनिजाचं नाव घेतात. म्हणजे "थर्मल वॉटर" लिहिलं की सगळे डबे एकच असं नाही.

मघाशी एका दादांनी बरोबर विचारलं, कॅल्शियम-मॅग्नेशियम तर आमच्या बोअरमध्येपण आहे, मग त्याने कातडी का फुटते? अहो, बोअरचं पाणी जड, त्यात साबण लावला की फेस येत नाही, उलट तो क्षारांशी मिळून चिकट साका होतो, बादलीच्या कडेला पांढरा बसतो ना, तोच अंगावरही बसतो. त्यात आपण साबण अजून घासतो. डब्यातल्या पाण्यासोबत साबण नसतो, आणि ते निर्जंतुक भरलेलं असतं.

आता ताईंची तक्रार. माठातलं पाणी गार का होतं? बाहेर झिरपून उडतं म्हणून. तसंच हे बारीक तुषार तोंडावरून उडतात, गार वाटतं, खाज आणि आग थोडा वेळ बसते, लेझर किंवा पीलिंगनंतर, म्हणजे औषधाने कातडीचा वरचा थर काढल्यावर, उन्हातून आल्यावर बरं वाटतं ते यामुळेच, क्षारांचा थोडा हात असेलही पण मी त्यावर पैसे लावणार नाही. पण उडताना ते कातडीतला ओलावापण घेऊन जातं. तडकलेल्या अंगणावर नुसतं पाणी शिंपडून काय होतं, घटकाभरात परत तडकतं. सारवावं लागतं.

म्हणून फवारा मारा, दोन-तीन मिनिटं थांबा, मऊ सुती कापडाने टिपून घ्या, पुसू नका, आणि ओलसर असतानाच जाडसर मॉइश्चरायझर लावा. ग्लिसरीनवालं चालेल, साधी पेट्रोलियम जेलीपण चालेल. डबा नसेल तर? स्वच्छ गार पाण्यात भिजवलेला रुमाल. त्या ताईंना मी डबा टाकायला नाही सांगितला, फक्त नंतरचं मलम सुरू केलं.

आणि हो, गोल चट्टा असेल, कडेने लाल, जांघेत नाहीतर काखेत, तर तो गजकर्ण असू शकतो. त्याला ना झरा ना मेडिकलवरची स्टिरॉइड मिसळलेली मिक्स क्रीम, सरळ दाखवायला या.

उनपदेवला जायचं का? जा की, गोमुखाखाली उभं राहायला कोणाला आवडत नाही, पण कोरडी कातडी असेल तर गरम पाण्यात जास्त वेळ नको, ते कातडीचं तेलच काढून टाकतं. फुटलेली, पाणी येणारी जखम घेऊन कुंडात उतरू नका आणि नाकात पाणी जाऊ देऊ नका, कोमट पाण्यात वाढणारा एक अमिबा नाकावाटे मेंदूत जातो, क्वचितच, पण जीवावर येतं.

काय म्हणता मावशी? बाटलीत भरून आणलंय? दाखवा. कधीचं? संक्रांतीचं! माय वं, मावशी, हे आता तुळशीला घाला.