चाळिशी

(दृश्य: डोंगर, घंटाघर, मग काचेच्या कपाटातला दांड्या नसलेला चष्मा)

पिएव्हे दि कादोरे. उत्तर इटलीत, डोलोमाइट डोंगरांतलं छोटंसं गाव. चित्रकार तिशियान इथलाच. पण आपण आलोय ते इथलं चष्म्यांचं संग्रहालय बघायला.

हा सर्वांत जुना प्रकार. दोन गोल भिंगं, प्रत्येकाला आखूड मूठ, आणि दोन्ही मुठी एका खिळ्याने जोडलेल्या. नाकावर चिमट्यासारखा बसवायचा, नाहीतर हातात धरायचा. मान जरा हलली की चष्मा खाली!

शोध कुणी लावला? १३०६ साली फ्लॉरेन्समध्ये एका धर्मोपदेशकाने प्रवचनात सांगितलं, की ही कला सापडून अजून वीस वर्षंही झालेली नाहीत, आणि तो कारागीर मी पाहिलाय, त्याच्याशी बोललोय. नाव तेवढं सांगायचं राहिलं.

(दृश्य: त्रेव्हीझो, सान निकोलोच्या मठातलं भित्तिचित्र)

हे कार्डिनल ह्यू, चष्मा लावून लिहितायत. १३५२ साली तोम्मासो दा मोदेनाने रंगवलेलं हे चष्म्याचं सर्वांत जुनं ज्ञात चित्र. गंमत म्हणजे ह्यू वारले १२६३ मध्ये, चष्मा निघायच्या आधीच! विद्वान दिसायला हवा, तर चष्मा हवाच, असं चित्रकाराला वाटलं असावं.

पहिले चष्मे बहिर्गोल भिंगांचे, म्हणजे फक्त जवळचं वाचायला. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं बघताना यायला हवा तो फुगवटा येत नाही, आणि पोथी हातभर लांब जाते. आपल्याकडे त्या वयाचंच नाव चष्म्याला पडलं: चाळिशी.

लांबचं न दिसणाऱ्यांची सोय पंधराव्या शतकातली. १४६२ मध्ये मिलानच्या ड्यूकने फ्लॉरेन्सहून तीन डझन चष्मे मागवले. एक डझन तरुणांना लांबचं दिसायला, एक डझन म्हाताऱ्यांना जवळचं दिसायला, आणि तिसरा डझन चांगली नजर असलेल्यांसाठी. आता त्यांना कशाला? मला तरी यात फॅशनचा वास येतो.

आणि दांड्या? नीट कानावर टेकणाऱ्या दांड्या यायला अठरावं शतक उजाडलं. तोवर फिती, दोऱ्या, हातात धरायच्या मुठी, सगळं करून झालं होतं.

(दृश्य: कालाल्झो, ओढा)

शेजारच्या कालाल्झोत १८७८ साली आंजेलो फ्रेस्कुराने ओढ्याकाठच्या जुन्या गिरणीत चष्म्यांचा कारखाना काढला. या खोऱ्यातला चष्म्यांचा धंदा तिथून सुरू झाला.

(दृश्य: पुन्हा संग्रहालय)

कपाटाखालच्या पाट्या बारीक अक्षरातल्या आहेत. आमचा कॅमेरामन पन्नाशीचा. वाचण्यासाठी तो चष्मा कपाळावर सरकवतो, नाक काचेला टेकेपर्यंत वाकतो, आणि काचेवर वाफ धरते.