मुलांच्या कानातला मळ आणि आपला हात

‘मळ’ या शब्दापाशीच आपली पहिली फसगत होते. नखातला मळ, मानेवरचा मळ, तसाच कानातला मळ, आणि मळ म्हटला की तो काढायचाच. स्वच्छ, टापटीप ठेवलेल्या बाळाच्या कानात काही पिवळसर दिसलं की आईला ओशाळल्यासारखं होतं. माझ्या खुर्चीसमोर बसून कितीतरी आया सांगतात, ‘डॉक्टर, मी रोज साफ करते हो, तरी होतो.’ म्हणून सुरुवातीलाच सांगते, तो मळ तुमच्या हलगर्जीपणाचा पुरावा नाही. कान तो स्वतः तयार करतो, आणि कानाला तो हवा असतो.

कानाच्या नळीच्या बाहेरच्या साधारण एक तृतीयांश भागातल्या त्वचेत दोन प्रकारच्या ग्रंथी असतात. एक तेलकट द्रव सोडते, दुसरी म्हणजे घामाच्या ग्रंथीचंच बदललेलं रूप. या दोघींच्या स्रावात झडलेल्या त्वचेचे बारीक पापुद्रे मिसळले की मळ तयार होतो. तो किंचित आम्लधर्मी असतो, त्यामुळे जंतू आणि बुरशी यांना तिथे सहजी बस्तान मांडता येत नाही. तेलकट असल्यामुळे पाणी त्वचेत मुरत नाही, आणि धूळ आत जाण्याआधीच त्यात अडकते. कुणाचा मळ ओला, मधासारखा असतो, कुणाचा कोरडा, भुग्यासारखा. हा फरक मुख्यतः एका जनुकामुळे पडतो, हे २००६ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. तेव्हा एका भावंडाचा कान ‘घाण’ आणि दुसऱ्याचा ‘स्वच्छ’ वाटत असेल, तर त्यात कुणाच्या आंघोळीचा दोष नाही.

आता यातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट सांगते. अंगावरची त्वचा जागच्या जागी झडते, पण कानाच्या नळीतली त्वचा प्रवास करते. पडद्यापासून सुरू होऊन ती हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकत येते, साधारण नख वाढतं त्या वेगाने, आणि येताना मळ सोबत आणते. मूल बोलतं, चावतं, जांभई देतं तेव्हा जबड्याच्या हालचालीने त्याला आणखी ढकल मिळते. शेवटी वाळलेला कण उशीवर पडतो, आपल्याला कळतही नाही. एक लक्षात घ्या, मळ तयार होतो तो बाहेरच्या भागात. मग पडद्याला चिकटलेला मळाचा गोळा मला दिसतो, तो तिथे पोहोचला कसा? बहुतेक वेळा कुणीतरी मायेनेच तो तिथवर ढकललेला असतो.

ही ढकलाढकल करते कापसाची काडी, जिला आपण इअरबड म्हणतो. मोठ्या माणसाच्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. लहान मुलाची त्याहून आखूड आणि अरुंद. तान्ह्या बाळात तर कापसाचं टोक ती वाट जवळजवळ भरूनच टाकतं. मग ते टोक मळ बाहेर कसं आणणार? ते तो आत ठासतं. टोकाला थोडं पिवळं लागून येतं, आपल्याला समाधान वाटतं, आणि उरलेला सगळा ऐवज आणखी एक पाऊल पडद्याजवळ गेलेला असतो. शिवाय आतली त्वचा फार नाजूक आणि हाडावर ताणून बसवल्यासारखी असते. तिला साधा ओरखडा पुरतो, मग ठणका आणि जंतुसंसर्ग. आणि मूल कधी मान वळवेल याचा भरवसा नसतो.

अमेरिकेत १९९० ते २०१० या काळातल्या नोंदी तपासून २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कापसाच्या काडीने कानाला इजा झाली म्हणून तातडीच्या विभागात आणलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलांची संख्या त्या काळात सुमारे २ लाख ६३ हजार होती. दिवसाला सरासरी ३४. त्यातली जवळपास ४० टक्के मुलं तीन वर्षांची किंवा त्याहून लहान. बहुतेक वेळा चाललेलं काम एकच, कान साफ करणं. मी हे आकडे घाबरवायला सांगत नाही. पण ‘आम्ही जपून करतो’ असं मला रोज ऐकू येतं, आणि त्या मुलांच्या घरचेही जपूनच करत असणार.

मग मळ कधीच त्रास देत नाही का? देतो. दहातल्या साधारण एका मुलाच्या कानात तो घट्ट साचून अडथळा होतो. काहींची नळी जन्मतःच अरुंद असते, डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये हे जास्त दिसतं. श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलांत बाहेर येण्याच्या वाटेवर साचाच बसलेला असतो. अशा मुलांचे कान ठरावीक काळाने तपासून घ्यावेत.

लक्षणं ओळखायला अवघड असतात, कारण लहान मूल ‘कानाला दडा बसलाय’ असं सांगत नाही. ते एका बाजूने हाक मारली की वळत नाही, टीव्हीचा आवाज वाढवतं, कानात बोट घालतं. आंघोळीनंतर अचानक ऐकू येईनासं झालं तर मळाचा संशय घ्या, कारण पाणी पिऊन तो फुगतो. शाळेतून ‘लक्ष देत नाही’ अशी तक्रार आलेल्या मुलाचे कान आधी बघावेत, असं माझं ठाम मत आहे. पण उलटही तितकंच खरं. बोलायला उशीर होतोय, हाकेला प्रतिसाद नाही, आणि घरचे म्हणतात, मळ असेल, निघेल. तिथे थांबू नका, श्रवणचाचणी करून घ्या. त्या वयातले महिने फार मोलाचे असतात.

आणि मळाने ताप येत नाही. ताप, रात्रीतून उठवणारा ठणका, कान वाहणं, रक्त, कानामागे सूज, चक्कर, यातलं काहीही असेल तर घरी कानात एक थेंबही घालू नका. तडक डॉक्टरकडे.

आता घरी काय करायचं ते. बहुतेक मुलांच्या बाबतीत उत्तर आहे: काही नाही. आंघोळीनंतर ओलसर मऊ फडकं बोटाला गुंडाळून कानाची पाळी, मागची घडी आणि तोंडाशी दिसतं तेवढं पुसा. बोट स्वतःहून जिथे थांबतं, ती तुमची हद्द.

मळ कडक झालाय, त्रास होतोय आणि डॉक्टरांनी कान पाहून सांगितलंय, तर थेंब. माझ्या मते लहान मुलात हा क्रम उलटा होऊ नये, आधी बघून घ्या, मग थेंब. पडद्याला छिद्र असेल, कानात ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवलेली असेल, कानाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर थेंब बिलकूल नाहीत. कुठले थेंब चांगले, हे मला फार विचारतात. मळ मऊ करणाऱ्या थेंबांवरच्या प्रयोगांचा २०१८ मध्ये कॉक्रेन या संस्थेने आढावा घेतला. एक औषध दुसऱ्यापेक्षा सरस आहे असं त्यातून ठरवता आलं नाही, साधं पाणी किंवा सलाइनसुद्धा कदाचित तितकंच काम करत असावं. त्यामुळे महागड्या बाटलीच्या मागे लागू नका. सलाइन, ऑलिव्ह तेल, सोडियम बायकार्बोनेटचे थेंब, डॉक्टर सांगतील ते. सुक्या मेव्याची ॲलर्जी असेल तर बदामतेल नको. हायड्रोजन पेरॉक्साइड मनाने घालू नका, लहान कानाची त्वचा चुरचुरते.

घालायची पद्धत नीट सांगते, कारण इथेच चुका होतात. बाटली आपल्या मुठीत पाच मिनिटं धरा, तेवढी ऊब पुरे. गॅसवर, मायक्रोवेव्हमध्ये काही तापवू नका. मुलाला कुशीवर निजवा, डोकं तुमच्या मांडीवर. तीन वर्षांखालच्या मुलाची पाळी हलकेच खाली आणि मागे ओढा. मोठ्या मुलाचा कान वर आणि मागे. त्याने नळी सरळ होते. दोन-तीन थेंब कडेने ओघळू द्या, म्हणजे आतली हवा बाहेर निघते. कानापुढचा छोटा उंचवटा दोन-चारदा दाबा. पाच मिनिटं तसंच पडू द्या, गोष्ट सांगा. मग बाजू बदला, बाहेर येईल ते पुसा. दिवसातून दोनदा, ३ ते ५ दिवस. पहिल्या दिवशी दडा वाढल्यासारखा वाटेल, ते फुगल्यामुळे. दुखायला लागलं तर थांबा.

पिचकारीने पाणी मारणं मात्र घरी नको, आणि याला एक ऐतिहासिक आधार आहे. रॉबर्ट बारानी नावाचे तरुण डॉक्टर व्हिएन्नात रुग्णांचे कान पाण्याने धूत असत. काहींना गरगरायचं, डोळ्यांची बुबुळं झटके देत हलायची. एक रुग्ण म्हणाला, पाणी कोमट असलं की मला काही होत नाही. पुढे एकदा पाणी जास्तच गरम आलं, त्याला पुन्हा भोवळ आली, पण आता बुबुळं उलट्या दिशेने झटके देत होती! कानाच्या खोल भागातल्या तोल सांभाळणाऱ्या नलिकांमधला द्रव गार-गरमाने हलतो, हे बारानींना त्यावरून उमगलं. त्या कामाला १९१४ सालचं नोबेल मिळालं. बातमी आली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. एका शास्त्रज्ञाला नोबेलपर्यंत नेणारा तो परिणाम तुमच्या मुलाला न्हाणीघरात नको. पाणी शरीराच्या तापमानाचंच हवं, जोर बेताचा हवा आणि पडदा शाबूत आहे याची खात्री हवी. या तिन्ही गोष्टी घरी जमत नाहीत.

कानात लावायच्या मेणबत्त्या मळ ओढत नाहीत. आत जो पिवळा चुरा दिसतो तो जळालेल्या मेणबत्तीचाच असतो, आणि भाजण्याचा धोका वेगळा. मोबाइलला जोडायचा कॅमेरा लावलेली कोरणी आता मिळतात. त्यांनी आतलं दिसतं, पण मूल हललं की दिसण्याचा काय उपयोग?

कधी कधी मळ समजून आपण भलत्याच वस्तूच्या मागे लागतो. मणी, बी, खोडरबराचा तुकडा. बी असेल तर पाण्याने फुगून आणखी रुतेल. आणि घड्याळातला, खेळण्यातला चपटा बटन सेल कानात गेल्याची शंका जरी आली तरी थेंब न घालता त्याच क्षणी रुग्णालयात न्या, सकाळची वाट नको. तो काही तासांत आतली त्वचा आणि पडदा जाळू शकतो.

आमच्याकडे आल्यावर काय होतं याची मुलांना धास्ती असते. मूल पालकांच्या मांडीवरच बसतं. आम्ही सूक्ष्मदर्शकातून बघत बारीक हुकाने किंवा शोषक नळीने मळ काढतो. नळीचा आवाज मोठा येतो, तो आधी हाताच्या तळव्यावर दाखवला की बरीच मुलं शांत राहतात. नाही राहिलं, तर जबरदस्ती करण्यापेक्षा आठवडाभर थेंब घालून पुन्हा बोलावणं मला पटतं.

चिठ्ठ्या आल्या आहेत, वेळ थोडा आहे, एकच घेते. ‘चार वर्षांच्या मुलीने स्वतःच कानात काडी घातली, काडी बाहेर आली पण टोकाला कापूस नव्हता. ती रडत नाही. थांबू का?’ त्या अमेरिकी अभ्यासातही तीनचतुर्थांशांहून जास्त वेळा काडी मुलाच्याच हातात होती, तेव्हा स्वतःला दोष देत बसू नका. पण थांबूही नका. थेंब घालू नका, कापूस भिजून आत राहील. चिमट्याने शोधू नका. दुखलं, रक्त दिसलं किंवा चक्कर आली तर आत्ताच न्या. तसं काही नसेल तर उद्या सकाळी कान दाखवा. चिठ्ठी कुणाची आहे ते विचारत नाही. कार्यक्रमानंतर मी इथेच पायरीपाशी थांबते, जाण्याआधी मला भेटा.