चटईशेजारची बाटली

(दृश्य : पहाटेचा उपवन तलाव. मागे येऊरच्या डोंगराची काळी रेघ. काठावर चटया अंथरल्या जाताहेत.)

ठाण्यात योगाचा वर्ग शोधत हिंडावं लागत नाही. श्री अंबिका योग कुटीर आणि घंटाळी मित्र मंडळ या दोन संस्थांनी या शहराला पिढ्यान्‌पिढ्या मांडी ठोकून बसायला शिकवलं. शाळेचे हॉल, सोसायट्यांच्या गच्च्या, देवळांचे सभामंडप, तलावांचे काठ, जिथे जागा मिळेल तिथे वर्ग भरले. कुणाची आई इथे जलनेती, म्हणजे पाण्याने नाक धुण्याची क्रिया, शिकली, कुणाच्या आजोबांची कंबर इथल्या आसनांनी सुटली. फी नाही, किंवा असलीच तर नावापुरती. योग हा या शहरात शेजाऱ्याने शेजाऱ्याला द्यायचा वसा होता, आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी तसाच आहे.

(दृश्य : कॅमेरा चटयांच्या ओळीवरून सरकतो. चटयांच्या कडेला प्लास्टिकच्या बाटल्या.)

आता चटयांच्या कडेला बघा. काहींनी घरून स्टीलची बाटली आणली आहे. पण बऱ्याच चटयांशेजारी उभी आहे ती कोपऱ्यावरच्या दुकानातली, एक लिटरची. वर्ग संपेल तेव्हा यातल्या कितीतरी अर्ध्याच रिकाम्या झालेल्या असतील.

या बाटलीचं आणि ठाण्याचं नातं जुनं आहे. १९६५ साली याच शहरात, वागळे इस्टेटमध्ये, बिस्लेरीचं पाणी बाटलीत भरायला सुरुवात झाली. एक इटालियन डॉक्टर, रॉसी, आणि मुंबईचे खुश्रू संतूक या दोघांची ती कल्पना. तेव्हा बाटली काचेची होती आणि गिऱ्हाईक पंचतारांकित हॉटेलांतलं. चार वर्षांनी, १९६९ मध्ये, पार्लेच्या चौहानांनी ती कंपनी विकत घेतली. पाणी विकत घ्यायचं, ही गोष्ट त्या काळच्या ठाणेकराला पटण्यासारखी नव्हती. गावात तलाव होते, वाड्यांत विहिरी होत्या, नळ येत होता आणि बाजारपेठेत पाणपोई होती.

मग काचेच्या जागी पेट प्लास्टिक आलं. बाटली हलकी झाली, स्वस्त झाली, फेकून देण्याजोगी झाली. इतकी की आज योगवर्गाला जाताना सतरंजी विसरली तर माणूस परत फिरतो, पण पाणी विसरलं तर परतत नाही. वाटेत मिळतंच.

(दृश्य : एका हातात पोथी. पानं उलटली जातात.)

योगाच्या मुळाशी जायचं तर आसनापासून सुरुवात करून चालत नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत दोनशेच्या आत-बाहेर सूत्रं आहेत. त्यातली थेट आसनाबद्दलची फक्त तीन. आठ अंगांत आसन तिसरं येतं. त्याच्या आधी यम आणि नियम. यमांत अहिंसा, सत्य, अस्तेय म्हणजे चोरी न करणं, ब्रह्मचर्य, अपरिग्रह म्हणजे गरजेपलीकडे न साठवणं. नियमांत शौच म्हणजे शुद्धता, संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान म्हणजे सगळं ईश्वराला वाहणं. म्हणजे शरीर वाकवण्याच्या कितीतरी आधी विचारलं जातं, की तू बाकीच्या जगाशी कसा वागतोस?

हे यम सवडीने पाळायचे नाहीत, असंही पतंजली लगेच सांगतात. जात, देश, काळ आणि प्रसंग यांनी ज्यांना मर्यादा पडत नाही, ते सार्वभौम महाव्रत. आज कार्यक्रम आहे, आज पाहुणे आहेत, आज एकच दिवस आहे, या सवलती त्यात बसत नाहीत. योग दिनाच्या मैदानावर बाटल्यांचे खोके उतरवताना मला दर वेळी हे सूत्र आठवतं.

आणखी तीन सूत्रं पुढे गेलं की एक फार कठोर गोष्ट येते. हिंसा तीन प्रकारची, कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली, आणि दुसऱ्याने केली तरी जिला आपण मान डोलावली ती. तिन्हींचं फळ दुःख आणि अज्ञान, आणि ते न संपणारं.

बाटलीपाशी आपण सगळे पहिल्या शब्दावर सुटका करून घेतो. मी काही खाडीत फेकली नाही, मी नीट डब्यात टाकली. बरोबर आहे, कृत नाही. पण जी बाटली माझ्यासाठी बनली, माझ्यासाठी टेम्पोतून आली, माझ्यासाठी फ्रीजमध्ये गार झाली, ती कारितात मोडते. आणि शेजारच्याच्या हातात ती पाहून मला काहीच वाटेनासं झालं असेल, तर ते अनुमोदन आहे.

(दृश्य : बाटली जवळून. झाकण, लेबल, तळावरचा त्रिकोणी खुणेतला १ हा आकडा.)

ही बाटली हातात घेऊन बघू. अंग पेटचं, म्हणजे पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट. खनिज तेलापासून निघालेल्या रसायनांतून बनलेलं. झाकण वेगळ्या प्लास्टिकचं, लेबल बहुधा तिसऱ्याच. आत भरलेलं पाणी बहुतेक वेळा हिमालयातलं वगैरे नसतं. कारखान्याच्या बोअरवेलचं किंवा नळाचं पाणी रिव्हर्स ऑस्मोसिसमधून, म्हणजे आरओच्या गाळणीतून, काढलेलं असतं, आणि त्या प्रक्रियेत उपसलेल्या पाण्यातला एक हिस्सा क्षार घेऊन गटारात जातो. एक लिटर विकण्यासाठी एका लिटरहून जास्त पाणी जमिनीतून निघतं ते असं.

अमेरिकेतल्या पॅसिफिक इन्स्टिट्यूटने २००९ मध्ये या सगळ्या साखळीला लागणाऱ्या ऊर्जेचा हिशेब मांडला. बाटली बनवणं, पाणी शुद्ध करणं, भरणं, वाहून नेणं, गार करणं. लिटरमागे साधारण ५.६ ते १०.२ मेगाज्यूल. नळाने येणाऱ्या पाण्याच्या तुलनेत ही ऊर्जा दोन हजार पटींपर्यंत जाते. २०२१ मध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी त्यांच्या शहरापुरता हिशेब केला. सगळं शहर बाटलीच्या पाण्यावर गेलं, तर नळाच्या पाण्यापेक्षा जीवसृष्टीवरचा भार १,४०० पट होईल, आणि कच्चा माल काढण्याचा खर्च ३,५०० पट.

ही गावं आपली नाहीत, आकडे जसेच्या तसे ठाण्याला लावता येणार नाहीत. पण साखळीचे दुवे तेच आहेत.

बाटली निदान शुद्ध तरी असते ना, असं म्हणणाऱ्यांसाठी २०२४ च्या जानेवारीतला कोलंबिया विद्यापीठाचा अभ्यास सांगायला हवा. त्यांनी बाजारातलं बाटलीबंद पाणी लेझरखाली तपासलं, तेव्हा एका लिटरमध्ये सरासरी दोन लाख चाळीस हजार प्लास्टिकचे कण मिळाले. त्यातले नव्वद टक्के नॅनो आकाराचे. शरीरात ते नेमकं काय करतात यावर काम चालू आहे. पण शुद्धीची क्रिया म्हणून पहाटे उठून जे पाणी आपण घोटतो, त्यात काय आहे हे आपल्याला ठाऊक असावं.

(दृश्य : कोपरीजवळची ठाणे खाडी. ओहोटी. तिवरांची मुळं.)

येऊरच्या उतारावरून निघालेले ओढे शहरात शिरले की त्यांना आपण नाले म्हणतो. हे नाले शेवटी खाडीला मिळतात. चेंदणी, कोपरी, विटावा, पुढे ऐरोली, वाशी. ही खाडी म्हणजे २०१५ पासून रोहित पक्ष्यांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं, अभयारण्य आणि २०२२ पासून जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतली जागा. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत इथे गुलाबी थवे उतरतात.

ओहोटीच्या वेळी काठावर उभं राहिलं की तिवरांखालचा चिखल उघडा पडतो. चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर आलेली असतात, शेकड्यांनी. खालच्या चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून हे झाड मुळं हवेत काढून श्वास घेतं. भरती आली की बंद झाकणाची रिकामी बाटली तरंगत आत येते, आणि पाणी उतरलं की ती मुळांत अडकून राहते. तिच्यावर पिशवी, पिशवीवर गाळ, गाळावर आणखी एक बाटली. जिथे थर बसतो तिथलं झाड गुदमरतं. तलावाकाठी आपण प्राणायाम करत असतो, आणि चार-पाच किलोमीटरवर आपलीच बाटली कुणाचा तरी श्वास अडवून बसलेली असते.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. आपल्याकडे पेटच्या बाटल्या मोठ्या संख्येने भंगारात परत जातात. त्याचं श्रेय ना कायद्याला, ना कंपन्यांना. ते पाठीवर पोतं घेऊन पहाटे फिरणाऱ्या कचरावेचक बायकांना आहे. योगाचा वर्ग सुरू होतो त्याच वेळी त्यांचा दिवस सुरू होतो. पण परत गेलेल्या बाटलीची बहुतेकदा बाटली होत नाही. तिचा धागा होतो, कापड होतं, आणि पुढे ते कापड कचऱ्यात जातं. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदी आली, तेव्हा बाटलीमागे रुपया-दोन रुपये ठेव ठेवून ती परत घ्यायची, असं ठरलं होतं. ती ठेव आपल्यापैकी किती जणांनी भरली आणि परत घेतली, स्वतःला विचारून पाहा. १ जुलै २०२२ च्या देशव्यापी बंदीत स्ट्रॉ आहे, काटे-चमचे आहेत. पाण्याची बाटली नाही.

(दृश्य : शहापूर तालुक्यातला पाडा. हंड्यांची रांग.)

ठाण्याच्या पाण्याचा मोठा वाटा भातसा नदीवरच्या पिसे बंधाऱ्यातून उचलला जातो, टेमघरला शुद्ध होतो आणि शहरात येतो. भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यातली. त्याच तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण तिथे रोज जगली जाते. त्यांच्या डोंगरातलं पाणी आपल्या नळापर्यंत येतं, आणि आपण तो नळ सोडून बाटली विकत घेतो. बाटलीला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षाही मला हे जास्त टोचतं.

नळावर विश्वास ठेवा, हे म्हणणं सगळीकडे सारखं सोपं नाही, हेही खरं. घोडबंदर रस्त्यावरच्या कितीतरी सोसायट्या टँकरवर आहेत. इमारतीची टाकी कधी धुतली ते सेक्रेटरीलाही आठवत नाही. पूर आला, साथ आली, लांबचा प्रवास असला, तर बाटली जीव वाचवते. पण आपण अपवादाची नित्य सवय करून घेतली. आणि ज्याला बाटली परवडते तो नळाबद्दल भांडणं सोडून देतो. मग नळावर उरतो तो, ज्याचं कुणी ऐकत नाही.

(दृश्य : पुन्हा पोथी. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय.)

मराठी माणसाला योग मराठीत मिळाला तो इथे, शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० च्या सुमारास. नाथपंथाचा वारसा ज्ञानेश्वरांकडे मच्छिंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ असा आला होता. गीतेच्या सहाव्या अध्यायात कृष्ण एवढंच म्हणतो, की शुद्ध जागी आसन मांडावं. ज्ञानेश्वर त्या एका शब्दापाशी थांबतात आणि ती जागा कशी असावी याचं ओवीमागून ओवी वर्णन करतात. बसलं की उठू नये वाटावं. पाहिल्यावरच वैराग्य दुणावावं. वाट चुकून आलेल्या नास्तिकालाही तिथे तप करावंसं वाटावं. आणि मग पाणी. पावलापावलावर पाणी असावं, पावसाळ्यातही निर्मळ राहणारं, आणि झरे सहज हाताशी लागणारे.

सातशे वर्षांपूर्वीच्या या यादीत योग्याच्या अंगावरच्या वस्तू फार थोड्या आहेत. जागा, झाडं, वारा आणि सर्वांना मोकळं असलेलं स्वच्छ पाणी. योग करायला काय लागतं, याचं याहून नेमकं उत्तर मला कुठे सापडलेलं नाही.

एकनाथांची गोष्टही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. काशीची कावड रामेश्वराला न्यायची, आणि वाटेत तहानेने तडफडणारं गाढव दिसलं. नाथांनी गंगा त्याच्या तोंडात ओतली. रामेश्वर तिथेच पावला, असं परंपरा सांगते. पाणी ज्याला हवं त्याच्यापर्यंत पोहोचवणं ही आपल्याकडे पूजा होती. गावोगावच्या पाणपोया त्याच समजुतीतून उभ्या राहिल्या. रांजण, त्यावर ओलं फडकं, साखळीला बांधलेला पेला.

(दृश्य : वर्ग संपतो. शवासनातून माणसं उठताहेत.)

जुन्या शिक्षकांचा नियम इथे कामी येतो. आसनं रिकाम्या पोटी, आणि मधे मधे पाणी पिणं नाही. तासाभराच्या पहाटेच्या वर्गात चटईशेजारी बाटली लागतच नाही. प्यायचं ते घरून निघण्याआधी आणि वर्ग झाल्यावर थोडं थांबून. जलनेतीला लागतं ते उकळून कोमट केलेलं, मीठ घातलेलं, नळीच्या लोट्यात मावेल एवढं. तेही घरचंच.

उरतो तो २१ जून. २०१४ च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस ठरवला, २०१५ पासून तो साजरा होतो, आणि दर वर्षी मैदानांवर हजारो माणसं जमतात. पुढच्या २१ जूनला ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या आयोजकांनी खोक्यांची ऑर्डर देऊ नये. महापालिकेच्या पाण्याची टाकी मागवावी, मैदानाच्या चार कोपऱ्यांत तोटीचे माठ किंवा स्टीलची पिंपं ठेवावीत, स्टीलचे पेले भाड्याने आणावेत आणि ते विसळायला दोन माणसं बसवावीत. लग्नाच्या पंगतीला हे सगळं आपण करत आलो आहोत. येणाऱ्याला निरोप द्यावा की आपली बाटली घरून भरून आणा.

आणि एका दिवसावर थांबू नये. उपवन, कचराळी तलाव, तलावपाळी, पलीकडे नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई, वाशीचं सागर विहार. जिथे रोज पहाटे माणसं जमतात, त्या प्रत्येक ठिकाणी महापालिकेच्या नळाची पाणपोई हवी. टाकी कधी धुतली आणि पाणी कधी तपासलं, ते तारखेसह फलकावर लिहिलेलं हवं. हा अर्ज योगवर्गांनीच करायचा आहे. सह्या गोळा करायला त्यांना कुठे जावं लागणार नाही, सगळे उद्या सकाळी साडेपाचला इथेच येणार आहेत.